कानसेनचं कुत्रं

“कुणाला पटणार नाही, गळ्याची शपथ घेतली तरी पटणार नाही,” कानसेन म्हणाला, “पण हे काम मी झोपेत केलंय. डाव्या हाताने.” आणि कामाच्या टेबलावर फडक्यावर उघडा पडलेला, सायकलचे गिअर बदलणारा शिफ्टर त्याने दोन बोटांनी पुढे सरकवला, जादूगार पत्ता सरकवतो तसा. ऐकायला तिघंच होते. ज्यांच्या रेसिंग सायकलचा तो शिफ्टर ते शाळेतले ड्रॉइंग मास्तर. चढावरच्या रस्त्याला सायकल दुरुस्तीचं दुकान असलेला डावरा, कानसेनचा जुना गुरुबंधू. आणि आतल्या दाराच्या चौकटीत चहाचा ट्रे घेऊन थबकलेली कानसेनची बायको. रविवारी सकाळी दुकानाचं शटर अर्धंच वर असायचं आणि त्या अर्ध्या उजेडात कानसेनच्या थापा चांगल्या पिकायच्या. एका गिऱ्हाइकाची सायकल त्याने इतकी हलकी करून दिली की भिंतीला टेकवून ठेवली तर वाऱ्याने छपरावर गेली. एका शिफ्टरचा आवाज इतका गोड लावून दिला की मालक गिअर बदलत बदलत कुठल्या कुठे निघून गेला, आणि त्याला परत आणायला त्याच्या बायकोला कानसेनकडूनच दुसरी सायकल दुरुस्त करून घ्यावी लागली. मास्तर अशा वेळी “हाणा, हाणा” म्हणत बशीत चहा ओतायचे. पण आजची थाप त्या जातीची नव्हती. पिंजऱ्यात तुकडा लावावा तशी ती लावलेली होती, आणि लावणारा डोळ्याच्या कोपऱ्यातून डावऱ्याच्या तोंडावर नजर ठेवून बसला होता. आपलं काम दुसऱ्याने आपल्यादेखत स्वतःच्या नावावर खपवलं तर खरा कारागीर किती वेळ गप्प बसेल? बोल लेका, तो मनात म्हणत होता. बोल की ते तुझं आहे. म्हणजे माझी बायको माझी कामं घेऊन तुझ्याकडे येते, हेही त्यात आलंच.

हे सगळं सुरू झालं एका रेघेपासून, तीही भिंगाशिवाय न दिसणाऱ्या. रेसिंग सायकलच्या शिफ्टरचं दुखणं बहुतेक एकच असतं. ब्रेकच्या दांडीमागे, रबराच्या टोपणाखाली, घड्याळासारखं यंत्र कोंबलेलं असतं: एक दात्यांचं चाक, त्या दात्यांत अडकणारी नखाएवढी पोलादी जीभ, जिला या धंद्यात सगळे कुत्रं म्हणतात, आणि कुत्र्याला दात्यावर दाबून धरणारी केसासारखी स्प्रिंग. वर्षानुवर्षं बोटं चालली की कुत्र्याची धार जाते, ग्रीसचं मेण होतं, आणि मग गिअरची पट्टी कितीही ढकला, ती पोकळ जाते. चावणारं कुत्रं नुसतं हुंगतं. बाकीचे दुकानदार सांगायचे, टाका फेकून, नवा घ्या. कानसेन म्हणायचा, म्हातारा खोकला म्हणून बदलून आणता का? तो शिफ्टर उघडायचा, रॉकेलने धुवायचा, कुत्र्याला बारीक कानशीने नवी धार काढायचा, तार वळून हाताने स्प्रिंग करायचा. मास्तरांचा शिफ्टर त्याने गेल्या वर्षी असाच करून दिला होता. यंदा मास्तर वळणावर पडले, टोपण फाटलं, म्हणून तो पुन्हा टेबलावर आला. आणि भिंगाखाली कुत्र्याच्या धारेवरच्या रेघा कानसेनला उलट्या दिसल्या. उजव्या हाताने कानस मारली की रेघा एका अंगाला कलतात. या दुसऱ्या अंगाला कललेल्या, आरशात पाहिल्यासारख्या. स्प्रिंगचं टोक तो नेहमी ज्या बाजूने मुडपायचा त्याच्या बरोबर विरुद्ध बाजूने मुडपलेलं. आपल्या घरात शिरून कुणीतरी आपल्याच खुर्चीत बसून गेलं आहे आणि जाताना खुर्ची पुसून ठेवली आहे, असं काहीतरी त्याला वाटलं. “मास्तर, मध्ये कुणाला दाखवला होता का हा?” त्याने विचारलं. “छे हो,” मास्तर म्हणाले, “तुमच्याकडून नेला तो थेट सायकलवर. परक्याचा हात लागू देतो काय मी?”

चोरी झाली असती तर त्याने बोंब तरी मारली असती. पण हा चोर काही घेऊन गेला नव्हता, ठेवून गेला होता. धार अशी एकसारखी की भिंग फिरवून फिरवून तिच्यात खोट सापडेना, आणि खोट सापडेना तसतसं कानसेन भिंग आणखी जवळ नेत गेला. त्याने पट्टी दाबली. कुत्रं दाता चढलं आणि पलीकडे पडलं, ओळखीच्या माणसाने दारावर टिचकी मारावी तसं. हे त्याच्या अंगठ्याला कळलं. कानाला काहीच कळलं नाही. आणि ही त्याची खरी दुखरी नस होती, जी त्याने कुणाला दाखवली नव्हती. कानसेन हे नाव त्याला त्या आवाजावरूनच पडलेलं. त्याला काम शिकवणारे उस्ताद सांगायचे, चांगल्या शिफ्टरचा ‘टक्’ हा एक आवाज नसतो, दोन असतात: कुत्रं दाता चढतं तो ‘ट’, पलीकडे पडतं तो ‘क्’; मधली फट ज्याला ऐकू येते तो कारागीर, बाकीचे हमाल. तरुणपणी कानसेनला ती फट रस्त्यावरून भरधाव गेलेल्या सायकलीतही ऐकू यायची. मग कधीतरी, नेमकं कधी ते त्यालाही सांगता आलं नसतं, ‘क्’ गेला. त्याच्यामागून ‘ट’ गेला. घरातलं घड्याळ बंद पडलं म्हणून त्याने भिंतीवरून उतरवलं तर काटा आपला चालतच होता. स्वयंपाकघरातला नळ ठिबकताना दिसायचा. माणसांची बोलणी कळत होती, ट्रकचे हॉर्न कळत होते. तांदळातला खडा वेचावा तसा देवाने पोटापाण्याचा नेमका तेवढाच आवाज वेचून नेला होता. तेव्हापासून तो अंदाजाने काम करायचा, आणि बायकोला समोर बसू देईनासा झाला. लग्नापासून ती कामाच्या वेळी टेबलापलीकडच्या स्टुलावर बसून त्याला दिवा धरायची, नजर त्याच्या बोटांवर, आणि मध्येच “अहो, ते आधी नाही का बसवायचं?” असं म्हणून त्याला चिडवायची. पण समोरचं माणूस चेहरा वाचतं. म्हणून त्याने कपाळाला बांधायचा दिवा आणला आणि म्हणाला, “आता तुझ्या हाताला आराम.” “माझा हात कुठे दुखत होता?” ती म्हणाली. स्टूल मात्र तिथेच राहिलं, रिकामं, त्याच्याकडे बघत.

उलट्या रेघा काढणारा हात त्याच्या ओळखीत एकच होता. उस्तादांच्या कारखान्यात दोघं एकाच टेबलाच्या दोन टोकांना शिकले. डावरा डावखुरा, म्हणून त्याच्या टोकाची हत्यारंही उलटी टांगलेली. “याचा हात उलटा चालतो,” उस्ताद म्हणायचे, “पण बघत राहावंसं वाटतं.” कानसेनच्या हाताबद्दल ते असं कधी बोलले नाहीत. ते त्याच्या कानाबद्दल बोलायचे, आणि आता कान गेल्यावर त्याला कळत होतं की ते एका परीने सांत्वनच होतं. त्याच कारखान्यात ती पहिल्यांदा आली होती, केस घामाने कपाळाला चिकटलेले, एका हाताने सायकल ओढत, दुसऱ्या हातात तुटलेली पट्टी नाचवत. “हे जोडणारं कुणी आहे का इथे, की सगळे नुसते हात काळे करून बसलेत?” दोघंही उठले. सायकलला शिफ्टर दोन असतात ही देवाची कृपा. उस्तादांनी एक याला दिला, एक त्याला. काम झाल्यावर तिने दोन्ही दाबून पाहिले, मान तिरकी करून. डावऱ्याने केलेला दाबून म्हणाली, “हा गोड आहे.” “आणि हा?” कानसेनने विचारलं. “हा चालतो की,” ती म्हणाली. पुढे लग्न तिने ‘चालतो की’शी केलं, ही गोष्ट त्याने लोकांना पुष्कळदा हसत सांगितली होती. न सांगितलेली एक होती. संसार मुरल्यावर एकदा, ती कपड्यांच्या घड्या घालत असताना, त्याने गमतीने म्हणून विचारलं होतं, “तेव्हा तू त्याला का नाही गं हो म्हणालीस?” तिने बाही सरळ केली, घडी दाबली आणि म्हणाली, “त्याने विचारलंच नाही.” आणि हसली. थट्टा होती. थट्टाच असणार. पण जिभेला हाड नसतं तसं थट्टेलाही नसतं, म्हणून ती घशात न अडकता थेट पोटात उतरते आणि तिथे बिऱ्हाड करते.

ते बिऱ्हाड आता हातपाय पसरू लागलं. ज्या सायकलींना नुसती हवा हवी होती त्यांचेही शिफ्टर तो “जरा आतून बघून घेतो” म्हणून उघडायला लागला, आणि गिऱ्हाइकं भारावून जायला लागली. काहींत त्याच्या स्वतःच्या सरळ रेघा होत्या. काहींत त्या उलट्या. आणि उलट्या नेमक्या त्याच शिफ्टरांत, जे देताना त्याचं मन खात होतं, ज्यांच्या आवाजाबद्दल त्याने नुसतीच मान डोलावली होती. जमलेल्या कामाला त्या हाताने बोटही लावलं नव्हतं. म्हणजे कुणीतरी बसून ऐकत होतं. कुठे त्याची चूक झाली ते ओळखत होतं. आणि दळणातलं किडकं निवडावं तसं तेवढंच निवडून नीट करत होतं. शिवीपेक्षा हे वाईट होतं. शिवीला उत्तर देता येतं. स्प्रिंगची तारही त्याच्या रिळातली नव्हती, तंतुवाद्यांना लावतात तसली पिवळसर तार होती, आणि तसल्या तारेचं दुकान डावऱ्याच्या दुकानाला भिंतीने चिकटलेलं. तयार झालेले शिफ्टर गिऱ्हाईक येईपर्यंत बायकोच्या कपाटात असायचे. आणि बायको गुरुवारी कापडी पिशवी घेऊन बहिणीकडे जायची. तुकडा तुकड्याला असा जुळत गेला की त्याला कारागीर म्हणून समाधानच वाटलं असतं, नवरा म्हणून आतून जळत नसता तर. ती परतली की तो तिच्या पिशवीत नाक घालायचा. साबणाचा वास, कोथिंबिरीचा वास. तिच्या डाव्या अंगठ्याच्या नखात त्याला एकदा ग्रीसची काळी रेघ दिसली. दिवा धरणं कधीच सुटलेल्या बाईच्या नखात ग्रीस? न राहवून त्याने मेव्हणीला फोन लावला, इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, “काय गं, आज हिला काय खायला घातलंस?” “का हो भाऊजी,” मेव्हणी म्हणाली, “तुम्हाला उपाशी ठेवलं की काय तिने?” आणि खो खो हसत सुटली. बहिणी-बहिणी एका माळेचे मणी; त्यांच्याकडून काय कळणार? त्याची रात्रीची झोप उडाली. दुपारची मात्र उडेना. शरीर मोठं बेइमान असतं: मन पेटलेलं असलं तरी जेवल्यावर मागच्या खोलीत आडवं झालं की ते असं घोरायला लागायचं की कानाशी बँड वाजवला असता तरी कूस बदलली नसती.

शेवटी मास्तरांचा शिफ्टर रुमालात बांधून तो चढ चढून डावऱ्याकडे गेला. डावऱ्याने फार चौकशी न करता भिंग डोळ्याला लावलं, शिफ्टर डाव्या हातात फिरवला. मग त्याने पट्टी दाबली. “हाय हाय! ऐकलंस?” कानसेनने मान हलवली. “पुन्हा ऐक,” डावरा म्हणाला, आणि पुन्हा पुन्हा दाबत राहिला. कानसेन त्याच्या अंगठ्याकडे बघत योग्य वेळी योग्य तेवढा हसत राहिला. “कुणाचं काम आहे?” त्याने विचारलं. “कुणाचं म्हणजे? तुझ्या रुमालातून निघालं ना?” “रेघा बघ.” “बघितल्या.” डावऱ्याने भिंग काढलं. त्याच्या डोळ्यांत काहीतरी हललं. “लेका, म्हातारपणी माझी नक्कल करायला लागलास? डाव्या हाताने? आणि वर ही असली धार! उस्ताद असते तर आज तुझ्या हाताकडे बघत बसले असते.” इतक्या वर्षांत ज्या वाक्याची वाट बघितली ते असं हातात आलं, आणि ते घेता येईना. उष्टं होतं ते. चोर मालकाच्या पाठीवरून हात फिरवतो आहे, कसा निर्ढावलेला आहे बघा, असं त्याला वाटलं. कानसेन निघताना बूट घालत होता, तेव्हा डावरा सहज म्हणाला, “वहिनी दिसल्या होत्या रे परवा, शेजारी तारेच्या दुकानात. हाक मारली, पण घाईत होत्या.” सहज! अर्धं सांगून टाकलं की उरलेलं अर्धं झाकतं, हे काय कानसेनला शिकवायला हवं होतं? जन्मभर थापा मारण्यात तर त्याने केस पिकवले. “रविवारी ये चहाला,” तो म्हणाला. उतार उतरताना मागून सायकली सपासप पुढे जात होत्या. त्यांचे गिअर पडत असणार, ट आणि क्, ट आणि क्. सगळं शहर त्याच्या पाठीमागे काहीतरी कुजबुजत असल्यासारखं. थाप त्याला तिथेच सुचली. घरी आल्यावर बायको म्हणाली, “आज चेहरा का असा? कुठे गेला होतात?” तो म्हणाला, “बहिणीकडे.” तिने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. त्याला बहीण नव्हती.

तर आता तिघं समोर होते आणि तुकडा पिंजऱ्यात लावलेला होता. डावरा बोलला, पण भलतंच. “झोपेत करतोस? मग जागेपणी काय करतोस?” मास्तर खदखदले. कानसेनला थाप वाढवणं भाग पडलं. “हसा. दुपारी डोळा लागला की माझा उजवा हात झोपतो आणि डावा उठतो. चालत येतो इथवर. दिवा लावतो, भिंग घेतो, कानस उचलतो. जे बिघडलंय तेवढंच नीट करतो, बाकीच्याला हात लावत नाही. मोठा शहाणा आहे तो, माझ्यापेक्षा शहाणा आहे. काम झालं की हत्यारं पुसतो आणि परत येऊन माझ्या छातीवर पडतो. जागा होऊन बघतो तर नखात ग्रीस.” शेवटचे शब्द त्याने दाराकडे बघून टाकले. ट्रेमधले कप हलताना त्याला दिसले. किणकिणले असतील तर ते त्याला ऐकू आलं नाही. बायकोने ट्रे टेबलाच्या कडेला ठेवला, पदराला हात पुसले, आणि कितीतरी दिवसांनी त्या पलीकडच्या स्टुलावर येऊन बसली. शिफ्टर तिने स्वतःकडे ओढला. उजव्या हातात धरला, डाव्या हाताने पेटीतली कानस उचलली, कुत्र्याच्या धारेवर एकदा हलकेच ओढली, फुंकर मारली, मान तिरकी करून पट्टी दाबली. ती मान त्याच्या ओळखीची होती.

“भावजी, ऐकू आलं?” तिने डावऱ्याला विचारलं.

“आलं वहिनी.”

“मास्तर, तुम्हाला?”

“आलं हो. लख्ख.”

कानसेनला तिने विचारलं नाही. डावरा तिच्या हाताकडे बघत होता, आणि त्या बघण्यात चोराचं काही नव्हतं; उस्ताद बघायचे तसा तो बघत होता. “पण वहिनी,” तो हळूच म्हणाला, “तुम्ही तर डावखुऱ्या नाही.”

“नाहीच मुळी. भाजी उजव्या हाताने चिरते मी. पण हे काम इथे समोर बसून शिकले. यांचं उजवं ते मला या डाव्या बाजूला दिसायचं. हाताला तसंच वळण लागलं.”

आता सुटलो, असं कानसेनला वाटायला हवं होतं. चढावरचं दुकान, गुरुवार, कापडी पिशवी, नखातली रेघ, सगळं एका क्षणात निरुपद्रवी होऊन टेबलावर पडलं होतं. पण इतके दिवस डावऱ्याच्या मांडीला मांडी लावून बसलेला मत्सर कुठे निघून गेला नाही. तो मत्सरच उठला आणि टेबलाला वळसा घालून तिच्या शेजारी जाऊन बसला. हिच्या हाताकडे उस्ताद बघत राहिले असते. “अगं, मी आपली गंमत…” तो हसायला लागला, आणि मास्तरांनी साथ द्यावी म्हणून त्यांच्याकडे वळला. मास्तर बशीकडे बघत होते.

“तुमच्या चुका तुमच्या नावावर जाऊ नयेत, म्हणून इतके दिवस गप्प होते मी,” ती म्हणाली. “पण म्हणून माझी धारही तुमच्याच नावावर? धडधडीत खोटं बोलताय. झोपेत तुम्ही नुसते घोरता.”